'फिफ्थ': एक रेकॉर्ड, दोन ड्रमर

सॉफ्ट मशीन या ब्रिटिश जॅझ-रॉक बँडच्या 'फिफ्थ' या रेकॉर्डवर (१९७२) पहिल्या बाजूला एक ड्रमर वाजवतो, दुसऱ्या बाजूला दुसराच. रेकॉर्ड उलटली की बँड बदलतो.

त्याआधीचं थोडक्यात. बँडच्या 'थर्ड' या दुहेरी रेकॉर्डच्या (१९७०) चार बाजूंवर चार रचना, त्यातल्या एकीतच गाणं. पुढच्या 'फोर्थ'वर तेही नाही. गाणारा ड्रमर १९७१च्या ऑगस्टमध्ये बाहेर पडला. पडला की पाडला, हा वाद चाहत्यांत अजून मिटलेला नाही. त्याच्या स्वतःच्या मते त्याला घालवलंच. पुढच्या बँडला त्याने 'मॅचिंग मोल' नाव दिलं. फ्रेंचमध्ये 'मशीन मॉल' म्हणजे सॉफ्ट मशीनच!

त्याच्या जागी सॅक्सोफोनवाल्याच्या पसंतीचा ऑस्ट्रेलियन ड्रमर आला, फ्री जॅझमध्ये, म्हणजे ठरलेल्या ठेक्या-चौकटीबाहेरच्या जॅझमध्ये, मुरलेला. हा ठेका धरून बसणाऱ्यातला नव्हे. 'ड्रॉप' ऐका. आधी पाणी ठिबकल्यासारखा आवाज, मग ड्रम जे उसळतात ते खाली बसतच नाहीत. सम ज्याची त्याने शोधावी. सॅक्सोफोनला हे मानवलं. की-बोर्ड आणि बेसवाल्यांना मात्र बांधीव रचना हव्या होत्या. त्यांनी रेकॉर्डिंग अर्ध्यावर असतानाच त्याला निरोप दिला. त्यांचंही अगदीच चूक नव्हतं म्हणा: विषम मात्रांच्या रिफला (पुन्हा पुन्हा येणाऱ्या सुरावटीला) खाली कुणीतरी जमीन धरून ठेवावी लागते. पण पहिल्या बाजूवर आता सगळं कोसळणार असं वाटत राहतं आणि कोसळत नाही. ती गंमत या बँडला पुन्हा साधली नाही.

दुसऱ्या बाजूचा ड्रमर न्यूक्लिअस या दुसऱ्या जॅझ-रॉक बँडमधून आलेला, चोख, तयारीचा. 'एलबीओ' हा जेमतेम दोन मिनिटांचा तुकडा म्हणजे त्याचा सोलोच. बदली झाली ती एका माणसाची, पण दार उघडलं ते न्यूक्लिअसला. १९७२मध्येच सॅक्सोफोनवाला गेला, त्याच्या जागी आलेला ओबो-कीबोर्डवाला तिथलाच. १९७३मध्ये बेसवाला गेला, नवा तोही तिथलाच. 'फिफ्थ'वर तो पाहुणा म्हणून डबल बेस वाजवून गेला होता. 'बंडल्स'पर्यंत (१९७५) गिटार पुढे आली आणि बऱ्याचशा रचना त्या ओबोवाल्याच्या झाल्या. १९७६मध्ये मूळ चौघांतला उरलेला एकटा, की-बोर्डवालाही गेला, तेव्हा ड्रमवर दुसऱ्या बाजूचाच माणूस होता.