कूलरच्या टाकीतली लाट

मे महिन्यात कूलरच्या टाकीत बादली ओतताना जरा थांबून बघा. लाट पत्र्यावर आपटते, परत फिरते, समोरच्या पत्र्यावर आपटते. पाणी कितीतरी वेळ डचमळत राहतं. मग संध्याकाळी नागपूरच्या फुटाळा तलावावर जाऊन खडा टाका. वर्तुळं पसरत जातात आणि विरून जातात.

धरणाला भूकंप कसा हलवेल हे संगणकावर मांडणाऱ्याला हवा असतो फुटाळा, हाती असते कूलरची टाकी. धरणाखालचा खडक संपत नाही, मेमरी मात्र संपते. म्हणून खडक कुठेतरी कापायचा आणि धरणासकट त्याचे लहान लहान तुकडे, म्हणजे एलिमेंट, पाडायचे.

किती लहान? खडकातली कातर-लाट, म्हणजे खडकाला आडवं हलवत जाणारी लाट, सेकंदाला २००० मीटर जाते असं धरू. हादरा १० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला दहा हेलकाव्यांचा, असेल तर लाटेची लांबी २०० मीटर. एका लांबीत दहाएक एलिमेंट लागतात, म्हणून एकेक २० मीटरचा. खडकाला पुढेमागे दाबत जाणारी दाब-लाट दुप्पट वेगाची. ती हे २० मीटर ०.००५ सेकंदात ओलांडते. संगणक हिशेब वेळेच्या छोट्या पावलांनी पुढे नेतो; पुढचं पाऊल आधीच्या आकड्यांवरून थेट काढायच्या पद्धतीत याहून मोठं पाऊल टाकलं की आकडे उधळतात. म्हणजे तुकडा किती मोठा ते हळू लाट ठरवते, पाऊल किती मोठं ते वेगवान लाट.

खरी डोकेदुखी कापलेल्या कडेची. हलत्या धरणातून खाली गेलेली लाट तिथे आपटून परत येते आणि धरणाला पुन्हा हलवते. जुनी युक्ती अशी, की खडकाला वस्तुमानच नाही असं मानायचं. मग त्यात लाट धावतच नाही, खडक नुसता स्प्रिंगसारखा दबतो. काम भागतं, पण माझ्या मते ही लबाडी आहे. खऱ्या खडकातून खोल निघून जाणारी ऊर्जा हिशेबातच येत नाही.

१९६९ मध्ये लायस्मर आणि कुहलमायर या संशोधकांनी कडेला जणू स्कूटरचे शॉकअप बसवले. घनता, लाटेचा वेग आणि क्षेत्रफळ यांच्या गुणाकाराइतका त्यांचा रोध ठेवला की सरळ येणारी लाट पुरती जिरते. तिरकी आली तर थोडी परततेच. शिवाय भूकंप आत यायचा तोही याच कडेतून, म्हणून तो हादरा न देता कडेवर बल म्हणून लावावा लागतो.

या पद्धतींची परीक्षा बहुतेक वेळा कोयनेवर होते. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात १०३ मीटर उंच धरणाला वरच्या भागात, पाण्याविरुद्धच्या बाजूचा उतार एकदम बदलतो तिथे, तडे गेले. मॉडेलमध्ये तडा तिथेच दिसायला हवा. गंमत म्हणजे त्या दिवशीची नोंद धरणातल्याच यंत्राने टिपलेली. खालून आलेला धक्का म्हणून आपण जो आकडा घालतो, त्यात धरणाने स्वतः हलून मिसळलेलं थोडंफार असतंच.