रेक्रेआतिवो दे वेल्वा

स्पेनमधला सगळ्यात जुना मानला जाणारा फुटबॉल क्लब, सध्या खालच्या डिव्हिजनमध्ये. गाव वेल्वा, दक्षिणेकडच्या अंदालुसियातलं बंदर. जर्सी निळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांची. चाहते लाडाने 'रेक्रे' म्हणतात आणि मानाने 'एल देकानो', म्हणजे सगळ्यांत ज्येष्ठ.

मूळ खाणीत आहे. १८७३ मध्ये वेल्वा भागातल्या रिओ तिंतोच्या तांब्याच्या खाणी स्पॅनिश सरकारने ब्रिटिश कंपनीला विकल्या, त्यामागोमाग इंजिनियर, कारकून, डॉक्टर आले आणि आपले खेळही घेऊन आले. कंपनीचे डॉक्टर अलेक्झांडर मॅके आणि रॉबर्ट रसेल रॉस यांच्या पुढाकाराने २३ डिसेंबर १८८९ रोजी वेल्वा रिक्रिएशन क्लब सुरू झाला. स्थापनेची रूढ तारीख हीच.

आता 'सगळ्यात जुना' कुणाला म्हणायचं यावर बराच वाद आहे. रिओ तिंतोच्या खाणीच्या गावातच १८७८ च्या सुमारास ब्रिटिशांचा क्लब होता असं काहीजण मानतात, पण तो आजच्या कुठल्या क्लबच्या रूपात चालू राहिला नाही, त्यामुळे सहसा तो मोजत नाहीत. तारागोनाचा जिम्नॅस्टिक १८८६ चा, पण तो मुळात व्यायामाचा क्लब, फुटबॉल तिथे १९१४ ला आला. खरा वाद सेविया शहराच्या सेविया एफसी या क्लबशी आहे. सेवियाची स्थापना आधी १९०५ ची धरायचे, मग मार्च १८९० मधल्या स्कॉटलंडच्या डंडी शहरातल्या एका पेपरातली बातमी सापडली आणि तारीख २५ जानेवारी १८९० वर गेली. तरी रेक्रे महिनाभराने मोठाच राहतो. सेवियाच्या बाजूचं म्हणणं असं की आमचा क्लब फक्त फुटबॉलसाठी निघाला, वेल्वाचा सगळ्याच खेळांसाठी. मुद्दा अगदीच टाकाऊ नाही, पण वेल्वाच्या क्लबात फुटबॉल सुरुवातीपासून होता आणि क्लब अजून चालू आहे, म्हणून १८८९ लाच जास्त वजन द्यावं लागतं. ८ मार्च १८९० ला सेवियात या दोघांचीच मॅच झाली, स्पेनमधली असोसिएशन नियमांची (म्हणजे आजच्या फुटबॉलची) पहिली रीतसर मॅच तीच समजतात. सेविया २-० ने जिंकलं.

१८९२ मध्ये कोलंबसच्या सफरीला ४०० वर्षं झाली तेव्हा वेल्वात वेलोद्रोमो (सायकल शर्यतींचं मैदान) बांधलं गेलं, क्लबचं मैदान पुढे कितीतरी वर्षं तेच. (कोलंबस निघाला ते पालोस इथून अगदी जवळ.) २००१ पासून नुएवो कोलोंबिनो हे स्टेडियम.

ला लीगात, म्हणजे स्पेनच्या सगळ्यात वरच्या डिव्हिजनमध्ये, क्लब पहिल्यांदा पोचला १९७८-७९ ला आणि लगेच खाली आला. २००२-०३ मध्ये परत ला लीगात होता, तेव्हा तर तिथून घसरला आणि त्याच सीझनला कोपा देल रे या स्पेनच्या कप स्पर्धेच्या फायनललाही गेला, तिथे मायोर्का क्लबकडून ०-३ हार. सगळ्यात चांगले दिवस मार्सेलिनोच्या कोचिंगखाली आले, २००६-०७ ला आठवा नंबर आणि डिसेंबर २००६ मध्ये रेआल माद्रिदला त्यांच्याच बेर्नाबेउ मैदानावर ३-० ने हरवलं, वेल्वात तो निकाल अजून सांगतात.

२००९ ला ला लीगातून खाली, २०१५ ला दुसऱ्या डिव्हिजनमधूनही, त्यात कर्ज. २०१६ मध्ये गावाच्या नगरपालिकेने क्लब वाचवण्यासाठी शेअर ताब्यात घेतले, क्लबला सांस्कृतिक वारसा म्हणून दर्जाही मिळाला, फुटबॉल क्लबच्या बाबतीत हे फार विरळ. २०२१ ला लीगची रचना बदलली तेव्हा क्लब थेट पाचव्या पायरीवर गेला आणि लागोपाठ दोन वर्षं प्रमोशन मिळवून तिसऱ्या पायरीवर परत आला.