कॅम्बर किट आलं कुठून आणि आपल्या गाडीला काय लागतं

गाडी लोअर केली, म्हणजे तिची उंची कमी केली, चाकं वरून आत झुकली, की ‘कॅम्बर किट टाक’ हा सल्ला हमखास मिळतो. कॅम्बर म्हणजे समोरून पाहताना चाकाचा उभ्या रेषेपासूनचा कल; माथा आत असेल तर तो निगेटिव्ह. किट म्हणजे हा कल जुळवता यावा म्हणून लावायचे पार्ट. या सल्ल्यामागे एक विशिष्ट गाडी आहे: 1987 च्या अखेरीपासून 2000 पर्यंतची होंडा सिव्हिक. तिचं सस्पेन्शन आणि आज आपल्याकडे लोअर होणाऱ्या बहुतेक गाड्यांचं सस्पेन्शन यांची घराणी वेगळी. त्यामुळे पार्ट मागवण्याआधी हा इतिहास पाहिलेला बरा.

सुरुवातीला दुखणं उलटंच होतं. 1960 च्या दशकात कॅलिफोर्नियातली एम्पी ही कंपनी फोक्सवॅगन बीटलसाठी ‘कॅम्बर कॉम्पेन्सेटर’ विके. बीटलच्या मागे स्विंग ॲक्सल असायचा, म्हणजे चाकासकट वर-खाली झुलणारा अर्धा ॲक्सल. जोरात वळताना गाडी मागून उचलली गेली की बाहेरचं चाक खालून आत दुमडायचं. ते रोखायला खालून एक आडवा पाटा बसवत. शेव्हरोले कॉर्व्हेअरलाही कंपनीनेच 1964 मध्ये मागे आडवा पाटा दिला आणि 1965 ला सस्पेन्शनच बदललं. त्याच काळातल्या शेव्हेल, कॅमारोसारख्या गाड्यांना पुढे डबल विशबोन (चाकाला वरून आणि खालून धरणारे दोन आर्म) असे आणि वरच्या आर्मचा शाफ्ट व फ्रेम यांच्यामध्ये शिम, म्हणजे पातळ पट्ट्या, असत. शिम घाला-काढा, कॅम्बर बदलतो. किट विकत घ्यायची गरजच नव्हती.

सिव्हिकच्या चौथ्या पिढीने चारही चाकांना डबल विशबोन दिलं, पण कॅम्बरची सोय ठेवली नाही. जुळवता यायचा तो फक्त टो, म्हणजे वरून पाहताना चाक आत किंवा बाहेर वळलेलं असण्याचा कोन. मूळ उंचीवर काही अडत नव्हतं. मात्र वरचा आर्म खालच्यापेक्षा आखूड, म्हणून त्याचा फेर लहान. गाडी खाली बसली की तो चाकाचा माथा आत ओढतो. 50 मिमी खाली आणलेली सिव्हिक सहज दीड-दोन अंश निगेटिव्ह कॅम्बरवर जाते. जपान-अमेरिकेत या गाड्या सर्रास लोअर होऊ लागल्या आणि कॅम्बर किटची बाजारपेठ उभी राहिली.

पुढच्या चाकांसाठी तीन प्रकार आले. पहिला, वरच्या आर्मच्या आतल्या टोकाला ऑफसेट बुश (भोक मध्यापासून सरकलेली बैठक) किंवा बोल्ट. स्वस्त, पण सुधारणा थोडीच आणि आर्मच्या पुढच्या-मागच्या दोन्ही बाजू सारख्या फिरवल्या नाहीत तर कॅस्टरही (बाजूने पाहताना स्टिअरिंगच्या अक्षाचा कल) हलतो. दुसरा, खाचेत सरकणारा बॉल जॉइंट, म्हणजे आर्मचं बाहेरचं टोक चाकाकडे जोडणारा गोळ्याचा सांधा. सुधारणा भरपूर, पण बोल्ट ढिला पडला की खड्ड्यात जॉइंट सरकतो आणि सेटिंग जातं. तिसरा, सरकत्या जॉइंटसह आख्खा नवा आर्म. फार खाली आणलेल्या गाडीत वरचा आर्म शॉक टॉवरच्या, म्हणजे शॉकअपचं डोकं बसतं त्या भागाच्या, पत्र्यावर आपटतो. त्यावर कॅम्बर किट हा इलाज नाही, उंची वाढवा.

मागे तर लोकांनी वॉशरनेच काम भागवलं. मागचा वरचा आर्म बॉडीला दोन बोल्टांनी धरलेला असतो. लांब बोल्ट घेऊन मध्ये वॉशर घातले की आर्म बाहेर सरकतो आणि चाक सरळ होतं. वरच्या-खालच्या जॉइंटमध्ये 300 मिमी अंतर धरलं तर एका अंशाला सुमारे 5 मिमी वॉशर लागतात. दोन्ही बोल्टांना जाडी सारखीच हवी, आणि बोल्ट पुरेसे आटे पकडतो ना हे आधी पाहायचं.

टायर आतून खाल्ल्याचा दोष मात्र बिचाऱ्या कॅम्बरवर नको तितका आला. गाडी खाली आली की टोही बिघडतो. चाकाचा टो 0.1 अंश जरी चुकला, तरी दर किलोमीटरला टायर सुमारे पावणेदोन मीटर आडवा घासला जातो. घासतो टो, ती झीज आतल्या कडेवर गोळा करतो कॅम्बर. दोन अंश कॅम्बर आणि शून्य टो असलेलं टायर बरंच टिकतं. म्हणून किटच्या आधी अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन मोजून जुळवणं.

2000 च्या सातव्या पिढीत होंडाने सिव्हिकला पुढे मॅकफर्सन स्ट्रट दिला, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंगचा एकच खांब, जो चाकाला वरून धरतो. अर्ल मॅकफर्सन यांनी ही रचना जनरल मोटर्सच्या शेव्हरोले कॅडेट प्रकल्पात मांडली होती. प्रकल्प गुंडाळला गेला, ते 1947 मध्ये फोर्डकडे गेले, आणि 1950 मध्ये ब्रिटनच्या फोर्ड कॉन्सलवर स्ट्रट आला. आपल्याकडे 1983 च्या मारुती 800 पासून तोच घराघरात पोचला. यात वरचा आर्मच नाही, तेव्हा सिव्हिकचं किट लावणार कशाला?

स्ट्रट लोअर केला तर सुरुवातीला थोडा निगेटिव्ह कॅम्बर वाढतो. पण लोअर आर्मचं बाहेरचं टोक वर उचललं गेलं, की वळणावर मिळणारा कॅम्बर घटत जातो. रोल सेंटरही (वळताना गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) खाली जातो आणि गाडी जास्त कलते. अशा वेळी कॅम्बर बोल्टपेक्षा लांब पिनचा बॉल जॉइंट जास्त कामाचा.

कॅम्बर बोल्ट म्हणजे शॉकअप आणि नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) जोडणाऱ्या दोन बोल्टांपैकी एकाच्या जागी बसणारा, बारीक दांड्याचा आणि कॅम (फिरवला की ढकलणारा उंचवटा) असलेला बोल्ट. दोन भोकांत 57 मिमी अंतर असेल तर 1 मिमी सरकवल्यावर एक अंश मिळतो. दांडा बारीक असल्याने टॉर्क (आवळण्याचा जोर) मूळ बोल्टचा नव्हे, नव्या बोल्टसोबत दिलेला वापरायचा. पकड घर्षणावर असते, म्हणून जुळणाऱ्या पृष्ठभागांवर ग्रीस नको. माथा आत घेतला की टायर शॉकअपच्या जवळ जातो, बाहेर काढला की फेंडरला घासू शकतो. स्ट्रटच्या डोक्यावर बसणाऱ्या कॅम्बर प्लेटने टायर-शॉकअपमधलं अंतर बदलत नाही. पण तिचं धातूचं बेअरिंग आपल्या रस्त्यांवर लवकर खडखडतं. काही गाड्यांत, जसं फोक्सवॅगन गोल्फची पाचवी पिढी, शॉकअप नकलमध्ये क्लॅम्पने बसतो. तिथे कॅम्बर बोल्टला जागाच नाही. जॅक लावून शॉकअप वाकवून कॅम्बर ‘काढून देणारे’ भेटतात. त्यात दांडा अडकतो आणि सील फुटतं. नकोच.

मागच्या बाजूला, भारतात 2006 ला आलेल्या सिव्हिकमध्ये स्वतंत्र आर्म आहेत, तिथे ॲडजस्टेबल आर्म घेण्यात अर्थ आहे. रबरी बुशचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळा. लोंबत्या चाकावर आवळले तर बुश पिळलेलं राहतं आणि फाटतं. अलाइनमेंटमध्येही क्रम आधी कॅम्बर, मग टो, कारण कॅम्बर हलवला की टो हलतोच. 100 किलोमीटर चालवून बोल्ट पुन्हा तपासा.

स्विफ्टसारख्या गाडीत मागे टॉर्शन बीम असतो, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारी, पीळ घेणारी तुळई. तिथे गाडी सरळ खाली आणल्याने कॅम्बर जवळपास बदलत नाही. लोअर केल्यावर मागचं एकच चाक झुकलेलं दिसलं तर बीम किंवा स्टब ॲक्सल (चाक बसतं तो छोटा दांडा) वाकलाय का, ते आधी बघा. मूळचाच फरक काढायचा असेल तर स्टब ॲक्सल आणि बीममध्ये बसणारी पाचरीसारखी शिम मिळते. ती फिरवून कॅम्बर आणि टो दोन्ही एकदमच जुळवावे लागतात.