पार्श्वभूमी : साठवलेल्या युनिटचा भाव

भारनियमनाच्या दिवसांत पुण्यातल्या कितीतरी घरांत जिन्याखाली इन्व्हर्टर येऊन बसला. त्याच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायचं काम घरातल्या कुणाच्या तरी गळ्यात पडायचं. तीन-चार वर्षांनी जुनी बॅटरी दिली की नवीवर सूट मिळायची. साठवलेलं एक युनिट कितीला पडतं, हे मात्र कुणी विचारलं नाही. समजा बॅटरी १५,००० रुपयांची, ती हजार वेळा भरली-उतरली आणि दर खेपेला एक युनिट दिलं, तर युनिटमागे १५ रुपये नुसता घसारा. भरताना वाया गेलेली वीज वेगळी.

बॅटरीच्या खर्चाचा अभ्यास करणारे मुळात हेच गणित मांडतात, फक्त त्यात व्याज, देखभाल आणि दरवर्षी घटणारी क्षमता धरतात. खात्रीच्या विजेला वेगळा भाव असतो हे पुणेकरांना बिलावरही दिसलं होतं. २००६ मध्ये उद्योगांनी स्वतःची जनित्रं चालवून शहरासाठी वीज मोकळी केली आणि जादा खर्च ग्राहकांकडून घेतला गेला. ते ‘पुणे मॉडेल’ गाजलं. त्यात बॅटरी कुठेच नव्हती.

वीज साठवणं या भागाला नवीन नाही. मुळशीचं पाणी सह्याद्रीच्या कड्याखाली भिरा इथे उतरून वीज तयार करतं, आणि तिथल्या १५० मेगावॅटच्या संचातून ते उलटं वरही चढवता येतं. म्हणजे तलावच बॅटरी. पण धरण बांधताना त्याच्या खर्चात कोणाचं काय धरलं गेलं, हा प्रश्न १९२१ च्या मुळशी सत्याग्रहाने विचारला होता. जमिनी मावळातल्या शेतकऱ्यांच्या, वीज मुंबईला. त्या सत्याग्रहाचे नेते सेनापती बापट यांच्या नावाच्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्यांपैकी किती जणांना हे आठवतं, कोण जाणे.

हाच प्रश्न आता लिथियमच्या बॅटरीला विचारला जातो. व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो यांच्या ज्या कामाला २०१९ चं नोबेल मिळालं, त्यावर उभी राहिलेली बॅटरी १९९१ मध्ये सोनीने बाजारात आणली. तिच्यातल्या कोबाल्टचा मोठा हिस्सा काँगोच्या खाणींतून येतो आणि तिथल्या बालमजुरीच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या आहेत. लिथियमचाच एक प्रकार असलेल्या लोह-फॉस्फेटच्या बॅटरीत कोबाल्टही नाही, निकेलही नाही. ग्रिडवर, म्हणजे सार्वजनिक वीजजाळ्यात, तिची चलती झाली त्याला तिचं आयुष्य आणि स्वस्ताईही कारण आहे.

स्वस्ताई किती, ते निविदांत दिसतं. २०२२ मध्ये सेकी या केंद्र सरकारच्या सौरऊर्जा कंपनीच्या ५०० मेगावॅट, १,००० मेगावॅट-तासांच्या (म्हणजे एका भरण्यात दोन तास चालणाऱ्या) बॅटरीच्या निविदेत ती वापरायला देण्याचा दर निघाला मेगावॅटमागे महिन्याला १०.८३ लाख रुपये. दिवसात दोनदा भरायची-उतरायची धरली तर युनिटला सुमारे नऊ रुपये, भरायच्या विजेचा खर्च सोडून. दोनेक वर्षांत काही निविदा अडीच लाखांच्या खाली आल्या. मात्र हे दोन आकडे शेजारी ठेवताना जपून. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या केंद्रीय योजनेत भांडवली खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत अनुदान ठेवलं होतं. ते सरकारने दिलं म्हणून खर्च नाहीसा होत नाही, खिसा बदलतो.

पर्यावरणाचा हिशेब याहून निसरडा. स्वीडनच्या आयव्हीएल संस्थेने २०१७ मध्ये म्हटलं, एक किलोवॅट-तास क्षमतेची बॅटरी बनवताना १५० ते २०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन होतं. त्याच संस्थेचा २०१९ चा आकडा ६१ ते १०६ किलो. दरम्यान मोठ्या कारखान्यांची चांगली माहिती हाती आली होती, आणि कारखान्याची वीज कोळशाची की स्वच्छ, यावर आकडा किती हलतो हेही दिसलं. तरीही पहिला आकडा अजून भाषणांत भेटतो.

‘सस्टेनेबल’ला मराठीत कुणी टिकाऊ म्हणतं, कुणी शाश्वत. बॅटरीच्या बाबतीत हा घोळ महागात पडतो. शिशाची बॅटरी कमी टिकते, पण शिशाला भाव असल्याने भंगारवाला ती दारातून उचलतो. पुढे ते शिसं उघड्या भट्टीत वितळलं तर धूर शेजारच्या वस्तीच्या छातीत. लिथियमची जास्त टिकते, पण लोह-फॉस्फेटच्या जुन्या बॅटरीतून निघणाऱ्या मालाला फारसा भाव नाही. म्हणून २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी ती गोळा करून पुनर्वापरात आणायची जबाबदारी उत्पादकावर टाकली.

पुण्यात केपीआयटी या सॉफ्टवेअर कंपनीने २०२३ च्या डिसेंबरात आयसर पुणे या विज्ञानसंस्थेच्या सहकार्याने सोडियम-आयन बॅटरीचं तंत्रज्ञान पुढे आणलं. सोडियम मिठातही असतं, त्यामुळे कच्च्या मालाची चणचण नाही. या बॅटरीचं खरं आयुष्य मात्र ग्रिडवर वापरूनच कळणार. लिथियमचीही आपल्याकडची नोंद अजून कोवळीच आहे : दिल्लीतल्या रोहिणीची १० मेगावॅटची बॅटरी २०१९ ची, राजनांदगावची ४० मेगावॅटची २०२४ ची. तिथल्या उन्हाळ्यात बॅटरी दरवर्षी किती क्षमता गमावते आणि ती थंड ठेवायला किती वीज जाते, हे दोन आकडे घसाऱ्याच्या रकान्यात जायचे आहेत.