मिठावर सरकलेले पठार आणि रावळपिंडीची छावणी

उपवासाच्या फराळात पडणारे गुलाबी सैंधव, ज्याला आपल्याकडे शेंदेलोण असेही म्हणतात, ते पिढ्यानपिढ्या ज्या डोंगररांगेतून येत आले, ती रांग पाकिस्तानी पंजाबात झेलम नदीच्या उत्तरेला आहे. या रांगेतल्या खेवड्याच्या खाणीपासून उत्तरेला शंभरेक किलोमीटरवर रावळपिंडी वसले आहे. पाकिस्तानी लष्कराचे मुख्यालय याच शहरात आहे. मीठ आणि छावणी यांचा वरवर पाहता काही संबंध दिसत नाही, पण ही छावणी नेमकी इथेच का वाढली याचे निम्मे उत्तर त्या मिठात आहे.

हे मीठ 54 कोटी वर्षांहून जुने आहे. आटलेल्या समुद्राचा हा थर पुढे हजारो मीटर जाडीच्या खडकांखाली गाडला गेला. मिठाचा एक विलक्षण गुण असा, की प्रचंड दाबाखाली ते इतर खडकांसारखे तडकत नाही. ते अत्यंत संथपणे, जवळजवळ घट्ट पाकासारखे वाहते. भारताचा भूखंड आशियाला रेटू लागल्यावर हिमालयात खडकांच्या घड्यांवर घड्या पडल्या. इथे मात्र वरचे थर या मिठावरून, साबणाच्या पाण्यावरून पाट सरकावा तसे, दक्षिणेकडे सरकत गेले. सरकणाऱ्या पाटाची पुढची कड उचलली गेली, ती मिठाची डोंगररांग, आणि तिच्यामागे जे विस्तीर्ण पठार राहिले, ते पोठोहार. लाहोर समुद्रसपाटीपासून दोनशेच्या आसपास मीटर उंचीवर आहे, तर रावळपिंडी सुमारे पाचशे मीटरवर.

या तीनशे मीटरच्या फरकाने पुढचा इतिहास घडवला, असे मला वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी पंजाबच्या सखल दुआबांत कालव्यांचे जाळे विणले आणि ओसाड माळांवर गहू-कापसाच्या वसाहती उभ्या केल्या. पण पाणी चढ चढत नाही. पोठोहारच्या एका अंगाला झेलम आणि दुसऱ्या अंगाला सिंधू वाहते, तरी दोन्ही नद्या पठारापेक्षा खालच्या पातळीवरून जातात. त्यामुळे इथली शेती बारानी, म्हणजे निव्वळ पावसाच्या भरवशावरची राहिली.

त्यात माती लोएसची. हिमयुगातल्या वाऱ्यांनी आणून टाकलेली ही पिवळसर, पिठासारखी बारीक धूळ आहे. कोरडी असताना ती इतकी घट्ट बसते, की ओढ्याकाठी तिचे उभे कडे भिंतीसारखे ताठ राहतात. पण तिचे ढेकूळ पाण्यात टाकले, की बघता बघता विरघळल्यासारखे पसरते. मुसळधार पावसात जमिनीला ओघळ पडतात, ओघळांच्या घळी होतात आणि शेताचे तुकडे पडतात. तुकड्यातुकड्यांच्या अशा बेभरवशाच्या शेतीत घरटी एखाद्या मुलाने पलटणीत भरती होणे आणि दर महिन्याला रोकड पगार घरी येणे, हाच खरा कालवा होता. इंग्रज अधिकारी यालाच ‘लढाऊ जमाती’चे रक्त म्हणत. मला मात्र रक्तापेक्षा मातीचे कारण अधिक पटते. व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे पहिले भारतीय सैनिक खुदादाद खान हे याच पठारावरच्या चकवाल भागातले. 1914 च्या ऑक्टोबरात बेल्जियममधल्या लढाईत त्यांनी तो मिळवला.

शिपाई पठाराने दिले, तर जागा रस्त्याने ठरवली. लाहोरकडून येणारा ग्रँड ट्रंक रोड इथून पुढे अटकेला सिंधू ओलांडून पेशावर आणि खैबरखिंडीकडे जातो. मराठीत ज्या अटकेपार झेंडे लागले, ती अटक इथून नव्वदेक किलोमीटर. दुसरी वाट मरीच्या डोंगरातून काश्मीरला जाई. या तिठ्यावर 14 मार्च 1849 रोजी शीख फौजेने इंग्रजांच्या जनरल गिल्बर्टपुढे शस्त्रे ठेवली. 1851 मध्ये डलहौसीने इथे कायमचे ठाणे ठेवायचे ठरवले, मग रेल्वे आली आणि गावाचे रूप पालटले. अफगाणिस्तानशी 1919 चा तह इथेच झाला. फाळणीनंतर इंग्रजांच्या उत्तर विभागाचे मुख्यालय पाकिस्तानी लष्कराचे मुख्यालय झाले. शेजारी इस्लामाबाद उभे राहीपर्यंत काही वर्षे देशाचा कारभारही इथूनच चालला.

जुने शहर आणि छावणी यांच्यामधून वाहतो तो लई नाला. एका काठाला अरुंद गल्ल्यांचे बाजार, दुसऱ्या काठाला आखीव रस्ते आणि बंगले. आपल्याकडे पुण्यातल्या पेठा आणि कॅम्प ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही विभागणी समजावून सांगायला नको. नाला पठाराच्या भुसभुशीत मातीत खोल कापत गेला आहे. त्याची लांबी जेमतेम तीसेक किलोमीटर. मात्र तो उगम पावतो मार्गल्ला टेकड्यांत, आणि त्याच्या वरच्या पाणलोटात आता इस्लामाबादचे डांबर आणि काँक्रीट पसरले आहे. मोकळ्या मातीत मुरणारे पाणी डांबरावर मुरत नाही, ते थेट नाल्यात उतरते. काठ उभे, पात्र अरुंद, त्यात कचरा आणि काठावर दाटलेली वस्ती. अशा वेळी पाण्याला वर चढण्याखेरीज वाट राहत नाही.

23 जुलै 2001 रोजी इस्लामाबादेत दहा तासांत सुमारे 620 मिलिमीटर पाऊस पडला. लाहोरला साधारण वर्षभरात पडतो तितका हा पाऊस होता. नाला फुगून खालच्या पिंडीतल्या, म्हणजे रावळपिंडीतल्या, वस्त्यांत शिरला आणि अनेकांचे प्राण गेले. त्यानंतर जपानच्या मदतीने पर्जन्यमापक, पातळीमापक आणि भोंगे असलेली पूर्वसूचना यंत्रणा बसवण्यात आली. आता पावसाळ्यात कट्टारियां आणि गवाळमंडी या दोन पुलांपाशी पाणी किती फुटांवर आहे, याची बातमी पिंडीत तासातासाला फिरते. पाणी धोक्याच्या खुणेजवळ आले, की भोंगे वाजतात, काठावरची घरे रिकामी होऊ लागतात आणि नाल्यापलीकडच्या छावणीतून जवानांना बोलावणे जाते.