सीएकडे जाण्याआधी: आयकर रिटर्नसाठी कोणते कागद काढून ठेवावेत

आर्थिक वर्ष २०२५-२६ चे रिटर्न पगारदारांनी ३१ जुलैपर्यंत भरायचे आहे. महिना संपत आला की नागपुरात धरमपेठ-रामदासपेठेतल्या सीएंच्या ऑफिसात बसायला खुर्ची मिळत नाही. कंपनीने फॉर्म १६, म्हणजे पगार आणि त्यातून कापलेल्या कराचा दाखला, १५ जूनपर्यंत द्यायचा असतो. तो हातात आला की लगेच वेळ घ्या.

रिटर्न कोणी भरायचे? "बारा लाखांपर्यंत टॅक्सच नाही, मग कशाला?" असे सर्रास ऐकू येते. नव्या करप्रणालीत तेवढ्या उत्पन्नावरचा कर कलम ८७अ च्या सवलतीने शून्य होतो हे खरे, पण एकूण उत्पन्न ४ लाखांच्या वर गेले की रिटर्न भरावेच लागते. शिवाय शेअर किंवा जुना प्लॉट विकून झालेला दीर्घ मुदतीचा नफा त्या सवलतीत बसत नाही.

फाईल लावायला बसण्याआधी आयकर पोर्टलवरून एआयएस (वर्षभरातल्या व्यवहारांचे खात्याकडचे विवरण) आणि २६एएस (तुमच्या नावे जमा झालेल्या कराचा तक्ता) उतरवून घ्या. एआयएसच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे लहान अक्षरांत पॅन आणि त्याला जोडून जन्मतारीख. बँकेचे व्याज, लाभांश, म्युच्युअल फंडाची विक्री, मोठ्या रकमेची रजिस्ट्री, जे आयकर खात्याला कळले आहे ते एआयएसमध्ये दिसते. त्यातल्या प्रत्येक नोंदीला उत्तर देणारा कागद शोधायचा, हीच खरी तयारी. एफडीच्या व्याजावर बँकेने टीडीएस (आधीच कापून घेतलेला कर) कापला नाही म्हणून ते व्याज करमुक्त होत नाही. सगळ्या बँकांची व्याजाची प्रमाणपत्रे घ्या, सहकारी बँक आणि पतसंस्थेचीही. नोंद चुकीची वाटली तर पोर्टलवर तिथेच हरकत नोंदवता येते.

विमा, पीपीएफ, मेडिक्लेम, घरभाडे यांच्या पावत्या जुन्या करप्रणालीतच कामी येतात. दोन्ही हिशेब सीएकडून मांडून घ्या. जुनी प्रणाली फायद्याची ठरली तर फॉर्ममध्ये पॉलिसी क्रमांक आणि गृहकर्जाचा खाते क्रमांकही भरावा लागतो, त्यामुळे नुसता आकडा सांगून भागत नाही. एचआरएसाठी (घरभाडे भत्त्याच्या सवलतीसाठी) नागपूर महानगरात मोडत नाही, म्हणून मर्यादा पगाराच्या ४० टक्के. वर्षाचे भाडे १ लाखाच्या वर असेल तर घरमालकाचा पॅन लागतो, आणि तो मागताना बरेच घरमालक तोंड फिरवतात. हे बोलणे आधीच उरकून घ्या. ३१ जुलैची मुदत हुकली की जुनी प्रणाली निवडताच येत नाही.

आपल्याकडे घोडे अडते ते शेती आणि प्लॉटपाशी. नोकरी मिहानमध्ये आणि संत्र्याची बाग काटोल-नरखेडकडे, अशी घरे कितीतरी आहेत. शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे, तरी ते दाखवावे लागते. ५ हजारांच्या वर गेले की सोपा आयटीआर-१ चालत नाही. ५ लाखांच्या वर असेल तर जिल्हा, पिनकोड, एकर आणि ओलित की कोरडवाहू हेही विचारतात. म्हणून सात-बारा, कळमना बाजारातल्या अडत्याची विक्रीची पट्टी, आणि व्यापाऱ्याला अख्खा बहार दिला असेल तर त्याची चिठ्ठी व पैसे जमा झाल्याची बँकेतली नोंद सोबत ठेवा. सात-बारावर भावांची नावे असतील तर प्रत्येकाने आपापला हिस्सा दाखवायचा.

शेत विकले असेल तर पहिला प्रश्न अंतराचा. ग्रामीण शेतजमिनीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नाही, पण नागपूर महापालिकेच्या हद्दीपासून सरळ रेषेत ८ किलोमीटरच्या आतली जमीन ग्रामीण धरत नाहीत. गाडीच्या मीटरवरचे किलोमीटर इथे चालत नाहीत. जवळ एखादी नगरपरिषद असेल तर तिच्यापासूनचे अंतरही पाहतात. अंतराचा दाखला विक्रीच्या वेळीच काढलेला बरा.

लेआउटमधला प्लॉट विकला असेल तर विक्रीपत्रासोबत मूळ खरेदीखत न्या. वडिलांकडून आलेला असेल तर वडिलांचे खरेदीखत; किंमत तीच धरतात. नासुप्रची (नागपूर सुधार प्रन्यास) डिमांड भरल्याची पावती, प्लॉट नियमित झाल्याचे आरएल लेटर आणि दलालीची पावतीही जोडा, खर्च त्यावरूनच मांडला जातो. खरेदी २३ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर १२.५ टक्के, किंवा खरेदीची किंमत महागाई निर्देशांकाने वाढवून उरलेल्या नफ्यावर २० टक्के, यातला कमी बसणारा कर भरता येतो. १ एप्रिल २००१ च्या आधी घेतलेल्या प्लॉटचे त्या तारखेचे मूल्यांकन नोंदणीकृत व्हॅल्युअरकडून करून घ्यावे. त्याला वेळ लागतो. जुलैत धावपळ करू नका.

व्हॉट्सॲपवर चाळीस तिरपे फोटो टाकण्यापेक्षा नाव दिलेल्या पीडीएफ पाठवा. पॅन-आधार जोडणी आणि रिफंडच्या खात्याची पडताळणी आधीच तपासा. पोर्टलवर मोबाइल आणि ईमेल तुमचाच हवा. अनेकांच्या खात्यावर जुन्या सल्लागाराचा ईमेल असतो आणि नोटीस आलेली वर्षभर कळत नाही. भेटीला जाताना आधारशी जोडलेला फोन जवळ ठेवा. रिटर्न भरल्यापासून ३० दिवसांत ई-व्हेरिफिकेशन करावे लागते, आणि ओटीपी त्याच फोनवर येतो.