अडीचशे किलो पेलतं, तरी डुगडुगतं

सिमेंटची एक गोणी ५० किलोची. घडीचं मसाज टेबल पहिल्यांदा बनवलं तेव्हा आम्ही त्यावर अशा पाच गोण्या रचल्या, कोपऱ्यावर जाऊन चहा पिऊन आलो, तरी टेबल जागच्या जागी उभं. फोटो काढून गिऱ्हाइकाला पाठवला. गिऱ्हाईक म्हणजे घरोघरी जाऊन उपचार करणाऱ्या एक फिजिओथेरपिस्ट ताई. सकाळी सदाशिव पेठ, दुपारी कोथरूड, संध्याकाळी औंध. आठच दिवसांत त्यांचा फोन. "दादा, मोडत वगैरे काही नाही हो. पण मी कोपराने पाठीवर दाब दिला की टेबल झुलतं आणि आजोबा दोन्ही हातांनी कडा घट्ट धरतात. मी त्यांचे खांदे सैल करायला जाते, ते आणखी आवळतात."

मी त्यांना पुन्हा गोण्यांचाच फोटो दाखवणार होतो. नशीब, दाखवला नाही.

टेबल मजबूत असणं वेगळं आणि ताठ असणं वेगळं. आपण बोलताना मात्र दोन्हींना मिळून "दणकट" म्हणून मोकळे होतो. किती भाराला मोडेल किंवा कायमचं वाकडं होईल, हा मजबुतीचा प्रश्न. ठरावीक जोर दिला तर किती हलेल, हा ताठपणाचा. भाजलेला पापड ताठ असतो, मजबूत नसतो. वेताची छडी मजबूत असते, ताठ नसते. ज्यांनी ती शाळेत खाल्ली आहे त्यांना जास्त सांगायला नको. शास्त्रालाही हे दोन प्रश्न एकदम सुटले नव्हते. भिंतीतून बाहेर आलेली तुळई कधी मोडेल, यावर गॅलिलिओने १६३८ मध्ये लिहिलं. जोर आणि त्याने होणारं ताणलं जाणं यांचं प्रमाण रॉबर्ट हूकने छापून मांडलं ते १६७८ मध्ये. मधे चाळीस वर्षं गेली. मला दोन टेबलं लागली, म्हणजे फार नाही.

ताईंच्या तक्रारीवर मी जो पहिला उपाय केला तो बहुतेक फॅब्रिकेटर करतील तोच: पाइप जाड घेतला. १८ गेजचा होता, १६ गेजचा लावला. १८ गेज म्हणजे साधारण १.२ मिलिमीटरची भिंत, १६ गेज म्हणजे १.६. पायांचं वजन एक-तृतीयांशाने वाढलं, ताठपणाही जेमतेम तेवढाच वाढला. डुगडुग जिथल्या तिथे. ताईंनी टेबल उचलून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे घेऊन वाड्याचा जिना कोण चढणार? त्या जिन्यात मी आणि टेबल एका वेळी मावत नाही."

भिंत जाड करण्याऐवजी पाइप फुगवायला हवा होता. भिंत तेवढीच ठेवून २५ मिलिमीटरच्या जागी ३८ मिलिमीटर व्यासाचा पाइप घेतला, तर वजन दीडपट होतं, मजबुती सव्वादोनपटीच्या थोडी वर जाते आणि ताठपणा साडेतीनपट होतो. लाकडी चौकटीचं गणितही याच जातीचं. पट्टी उभी लावून तिची उंची दुप्पट केली, तर ती मोडायला चौपट जोर लागतो, पण तेवढीच वाकवायला आठपट. बदल एकच, पण दोन गुण वेगवेगळ्या चालीने वाढतात. ते एकच नाहीत याचा याहून सोपा पुरावा मला माहीत नाही.

धातूच्या बाबतीत तर गंमतच आहे. हलकं हवं म्हणून ॲल्युमिनियमकडे वळलो तेव्हा विक्रेता म्हणाला, ६०६३ जातीचं कशाला घेता, ६०६१ घ्या, जास्त मजबूत. त्याचं खोटं नव्हतं. पण ताठपणाचा आकडा दोन्हींचा जवळजवळ सारखा, ७० गिगापास्कलच्या आसपास. पोलादाचंही तसंच: साधं एमएस (माइल्ड स्टील) घ्या की महागडं मिश्र पोलाद, आकडा २०० च्या जवळपासच राहतो. लाकडाचा तंतूंच्या दिशेने १० ते १४. म्हणजे भारीतला ॲल्युमिनियम घेऊन मी जास्तीची मजबुती विकत घेतली असती, जिची तक्रार कुणी केलीच नव्हती.

अर्थात हे सगळं झाल्यावर कळलं की खरा चोर पाइपात नव्हताच, जोडात होता.

उंची कमीजास्त करता यावी म्हणून या टेबलांचे पाय दोन तुकड्यांचे असतात. आतला तुकडा बाहेरच्यात शिरतो, भोकातून बोल्ट जातो, बाहेरून नॉब आवळायचा. आमच्या दोन तुकड्यांत अर्ध्या मिलिमीटरची फट होती आणि ते एकमेकांत शिरले होते फक्त १०० मिलिमीटर. पुढे पाय उरला ६०० मिलिमीटर. हिशेब करा: जोर न लावताच पायाचं टोक ३ मिलिमीटर इकडचं तिकडे होतं. मेकॅनिक लोक याला "प्ले" म्हणतात, आणि मोटारसायकलच्या चाकात प्ले आला तर आपण लगेच कान टवकारतो; टेबलाच्या पायात आला तर म्हणतो, पाइप पातळ असेल. गोण्यांच्या परीक्षेत हा प्ले दिसतही नाही, कारण सरळ खाली पडणारं वजन फट एका बाजूला दाबून ठेवतं. हात आडवा लागला की ती जागी होते. आम्ही शिरकाव २०० मिलिमीटर केला. चार पायांना मिळून हातभर जादा पाइप लागला आणि प्ले निम्मा झाला. बोल्ट असा निवडला की भोकात त्याचा आट्यांचा भाग न बसता गुळगुळीत दांडा बसेल. जिथे पाय घडी होताना फिरतो तिथे रिव्हेटऐवजी बोल्ट आणि नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेला. साधा नट हादऱ्यांनी सुटत जातो, आणि सैल रिव्हेट पातळ पत्र्यातलं भोक हळूहळू अंडाकृती करतो. बोहरी आळीत एका फेरीत हे सगळं मिळतं, पार्किंग सोडून.

उंचीचं एक लक्षात ठेवायचं. तिरक्या पट्टीचा आधार नसलेला पाय ६० सेंटिमीटरवरून ८० वर नेला, तर आडव्या धक्क्याने त्यात येणारा ताण एक-तृतीयांशाने वाढतो, पण झुकणं जवळजवळ २.४ पट होतं. म्हणून एकच टेबल बुटक्या थेरपिस्टला ठणठणीत वाटतं आणि उंच थेरपिस्टला लटपटतं. दोघीही खरंच सांगत असतात.

आता तिरक्या पट्ट्या आणि तारा. काडेपेटीचं नुसतं बाहेरचं खोकं बोटांत धरून दाबा, चौकोनाचा लगेच तिरका चौकोन होतो. कागद कुठे फाटला नाही, म्हणजे मजबुतीला धक्काही लागला नाही. आकार तेवढा गेला. चौकोनाला स्वतःचा आकार धरून ठेवता येत नाही, तो कोपऱ्यांच्या जिवावर उभा असतो. त्रिकोणाला कोपऱ्यांची मेहेरबानी लागत नाही. घराच्या छपराला कैची त्यासाठीच असते. घडीच्या टेबलात अडचण अशी की जी पट्टी तिरकी लावाल ती घडीच्या वेळी आत जायला हवी, आणि जिथे घडी तिथे बिजागरी, जिथे बिजागरी तिथे पुन्हा प्ले.

यावरची युक्ती म्हणजे पोलादी तार. बहुतेक घडीच्या टेबलांना मधे पाय नसतोच. चार पाय दोन्ही टोकांकडे आणि मधोमध आडवी लांब बिजागरी. माणूस झोपला की बिजागरीची जागा खाली जाऊ पाहते आणि पाय बाहेर फाकू पाहतात. खालून ताणलेली तार हे फाकणं अडवते. बाज विणणाऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही: दोरी ढकलू शकत नाही, पण ओढायला बसली की हटत नाही. तार घडी होते, वजन नगण्य, आणि भार जितका जास्त तितकी ती ताठ. म्हणून दुकानात रिकामं टेबल हलवून नाक मुरडू नका. आधी सोबतच्या माणसाला त्यावर झोपवा, मग हलवा.

तारेतही तोच घोटाळा. तुटेल का, हे सगळे विचारतात. सैल पडेल का, हे कुणी विचारत नाही. माझ्याकडे आजवर तार तुटलेलं टेबल आलेलं नाही, सैल पडलेल्या तारेची बरीच आली. नवीन तारेचे पीळ पहिल्या काही दिवसांत एकमेकांत दबून बसतात आणि ती किंचित लांब होते. हे किंचित किती महाग पडतं ते तार कुठे बांधली यावर ठरतं. पाय बिजागरीपासून ७५ सेंटिमीटरवर आणि तार बिजागरीच्या ४० सेंटिमीटर खाली धरली, तर ४ मिलिमीटर ढिलाईने मध्य जेमतेम तेवढाच खचतो. तीच तार फक्त १० सेंटिमीटर खाली असेल तर दीड सेंटिमीटर. तारेवरची ओढही चौपट. म्हणजे तार जितकी खाली तितकी बरी. पण फार खाली नेली तर स्टूल सरकवून बसणाऱ्या थेरपिस्टच्या गुडघ्यांत येते, आणि त्यावर कुठलंही गणित चालत नाही. आम्ही मधला मार्ग काढला आणि तारेला टर्नबकल, म्हणजे फिरवून तार ताणायचा आटेदार जोड, लावला. महिन्याभराने दोन फेरे आवळायचे.

वरच्या फळीचं थोडक्यात सांगतो. प्लाय चौकटीला नुसत्या स्क्रूने धरला तर तो झाकण असतो. डिंक लावून स्क्रू मारले तर तो चौकटीचा भाग होतो. फळीचा एक कोपरा दाबल्यावर समोरचा वर येतो तो पीळ यानेच कमी होतो. काडेपेटीत काड्यांचा ट्रे घातल्यावर खोकं जसं आकार सोडत नाही, तसं. प्लाय पातळ चालतो. डिंकाचा कंटाळा चालत नाही.

एवढं सगळं ताठपणाच्या बाजूने बोललो म्हणून मजबुतीला सुट्टी द्यायची नाही. डुगडुग त्रास देते, पण कळवते. मोडणं कळवत नाही. बिजागरीचे स्क्रू प्लायच्या कडेत मारलेले असणं, पायाच्या ब्रॅकेटजवळ लाकडात गाठ असणं, या जागा मोडण्याच्या. शिवाय माणूस गोणीसारखा हळूच ठेवला जात नाही. भार उंचावरून न टाकताही, नुसता एकदम सोडला, तरी टेबलाला तो क्षणभर दुप्पट लागतो. धपकन बसला तर आणखी जास्त. म्हणूनच टेबलांवर कधी दोन आकडे छापलेले असतात. एक स्थिर भार, म्हणजे गोण्यांचा. दुसरा कामाचा भार, म्हणजे झोपलेला माणूस आणि वरून दाब देणारी थेरपिस्ट मिळून. स्थिर भाराचा आकडा नेहमी बराच मोठा, आणि जाहिरातीत ठळक टाइपात तोच. एकच आकडा दिसला तर तो कुठला, ते विचारा. दोन्ही आकडे मजबुतीचेच आहेत. टेबल हलेल किती, याचा आकडा मी अजून एकाही खोक्यावर छापलेला पाहिला नाही.

उलटणं हा आणखी तिसराच प्रकार. १८५ सेंटिमीटर लांब, १५ किलोचं टेबल; पाय दोन्ही टोकांपासून १५ सेंटिमीटर आत. ८० किलोचा माणूस अगदी टोकावर टेकला तर समोरची बाजू उचलली जाते. पाय १० सेंटिमीटरच आत असते तर उचलली नसती. न मोडता, न डुगडुगता माणूस खाली.

तर हलणं मोजायचं कसं? प्रवासाची बॅग तोलायचा लटकता काटा आणा. टेबल हवं त्या उंचीला लावा, वर एकाला झोपवा, काटा टेबलाच्या कडेला अडकवून १० किलो दिसेपर्यंत आडवा ओढा, आणि कड किती सरकली ते पट्टीने बघा. एकदा लांबीच्या दिशेने, एकदा रुंदीच्या. आमचं पहिलं टेबल जवळजवळ १ सेंटिमीटर सरकत होतं, साधारण ३ सूत. हे नुसतं दिसायला वाईट नाही. टेबल आणि माणूस मिळून ८० किलो धरले, तर एवढं सैल टेबल स्वतःच्या लयीत सेकंदाला पावणेदोन वेळा झुलतं, आणि पाठीवर लांब हात फिरवण्याची, घुसळण्याची लय त्याच्या आसपासच असते. झोपाळ्याला नेमका वेळेवर धक्का द्यावा तसं होतं: थेरपिस्ट थोडंच ढकलते, टेबल बरंच झुलतं. सरकणं २ मिलिमीटरवर आणलं की टेबलाची लय सेकंदाला चारवर जाते आणि हाताशी तिची गाठ पडत नाही. आजोबा कडा का धरत होते, याचं उत्तर गोण्यांत कधीच मिळालं नसतं. गोणी झुलवत कोण बसतं?

दुसरं टेबल १० किलोच्या ओढीला अडीच मिलिमीटर सरकतं. पाय ३८ चे, पण पुन्हा १८ गेजचे. वजन साडेतेरा किलो. घडी केल्यावर रिक्षात मागच्या सीटवर उभं राहतं. वाड्याच्या जिन्यात अजूनही तिरकं करून न्यावं लागतं, त्याला माझा इलाज नाही. ताईंचा परवा पुन्हा फोन आला. आजोबा आता पहिल्या दहा मिनिटांत घोरायला लागतात आणि त्यांना कुशीवर वळवायला दोन माणसं लागतात.